आपापल्या भाषेतला धम्म : बौद्ध विचाराचा उदय, विस्तार आणि पुनरागमन

इ.स. १८३७ मध्ये कोलकात्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे सांचीच्या स्तूपाच्या दगडी कठड्यांवरील छोट्या छोट्या लेखांचे ठसे आले. त्या लेखांची लिपी त्या काळी भारतात कोणालाही वाचता येत नव्हती. प्रिन्सेप यांच्या ध्यानात आले की, बहुतेक सर्व लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. देवस्थानास काही अर्पण करणारा भाविक त्या वस्तूवर आपले नाव कोरतो, ही प्रथा त्यांना ठाऊक होती. त्यावरून त्यांनी तर्क केला की, शेवटचा शब्द 'दानं' असावा. तर्क खरा ठरला. द आणि न ही दोन अक्षरे हाती आली, त्यांच्या आधाराने इतर अक्षरे उकलली, आणि काही महिन्यांत ब्राह्मी लिपी वाचता येऊ लागली. दिल्लीचा स्तंभ, गिरनारचा खडक, ओडिशातील धौलीची शिला यांवरचा मजकूर शेकडो वर्षांनंतर पुन्हा लोकांना कळू लागला.

बौद्ध धर्माच्या इतिहासाचा दरवाजा 'दान' या एका साध्या शब्दाने उघडला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कठड्यावरचे ते दाते राजे-महाराजे नव्हते. त्यांत भिक्षू होते, भिक्षुणी होत्या, व्यापारी, कारागीर आणि गृहिणी होत्या. त्यांनी आपली नावे प्राकृतात, म्हणजे लोकांच्या नित्याच्या बोलीला जवळ असणाऱ्या भाषेत कोरविली होती. गंगेच्या खोऱ्यात जन्मलेला एक विचार अर्ध्या आशिया खंडात कसा पोहोचला, पुढे जन्मभूमीतच तो क्षीण का झाला आणि विसाव्या शतकात तो परत कसा आला, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना हे लहान दाते आणि त्यांची भाषा यांच्याकडे पुनःपुन्हा वळावे लागते.

उदयाचा काळ

इ.स.पू. सहावे आणि पाचवे शतक हा गंगेच्या मैदानातील मोठ्या उलथापालथीचा काळ होता. लोखंडी अवजारांमुळे शेतीचा विस्तार झाला होता. राजगृह, श्रावस्ती, वैशाली, कौशांबी, वाराणसी ही नगरे भरभराटीस येत होती. आहत नाणी चलनात आली होती आणि सार्थवाहांचे तांडे दूरदूरचे मार्ग तुडवीत होते. मगध आणि कोसल ही राज्ये बलिष्ठ होत होती. वज्जी, मल्ल, शाक्य, कोलिय ही गणराज्ये त्यांच्या दडपणाखाली होती. जुन्या कुळांचे बंध सैल झाले होते, पण नगरातील नव्या जीवनाला आधार देणारी नीती अद्याप घडावयाची होती.

या अस्वस्थतेतून श्रमणांचे अनेक पंथ निघाले. वर्धमान महावीरांचे निर्ग्रंथ, मक्खली गोसालाचे आजीवक, अजित केसकंबलीसारखे भौतिकवादी हे सर्व यज्ञसंस्थेबाहेर उभे राहून सुखदुःख, कर्म आणि मुक्ती यांविषयी वाद करीत होते. सिद्धार्थ गौतम याच परंपरेतले. लुंबिनी येथे त्यांचा जन्म झाला. त्या स्थळी सम्राट अशोकाने आपल्या राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी येऊन उभारलेला स्तंभ आजही आहे. बुद्धांचा जन्म येथे झाला म्हणून त्या गावाचा कर माफ केल्याचे व उत्पन्नातील राजाचा हिस्सा आठव्या भागावर आणल्याचे त्यावर नोंदविलेले आहे.

परंपरेनुसार गौतमांनी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी गृहत्याग केला. वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांच्या दर्शनाची कथा सर्वपरिचित आहे. सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्तात मात्र वेगळेच कारण सूचित होते : अपुऱ्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांप्रमाणे माणसे एकमेकांविरुद्ध शस्त्रे घेऊन उभी ठाकलेली पाहून त्यांचे मन उद्विग्न झाले. सहा वर्षे त्यांनी गुरू केले, उपवास केले, देह झिजविला. अखेर उरुवेला येथे नेरंजरा नदीच्या काठी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना बोध झाला. वाराणसीजवळ इसिपतन, म्हणजे आजच्या सारनाथ येथे, पाच जुन्या सहकाऱ्यांपुढे त्यांनी पहिले प्रवचन केले. त्यानंतर पंचेचाळीस वर्षे ते पायी हिंडले आणि ऐंशीव्या वर्षी मल्लांच्या कुसिनारा गावी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

शिकवणीचा गाभा

बुद्धांच्या शिकवणीची मांडणी वैद्याच्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे. वैद्य रोग ओळखतो, त्याचे कारण शोधतो, तो बरा होईल की नाही हे सांगतो आणि औषध देतो. चार आर्यसत्यांचा क्रम नेमका हाच आहे : दुःख आहे; तृष्णा हे त्याचे कारण आहे; तृष्णेचा निरोध झाला की दुःखाचा निरोध होतो; आणि त्या निरोधाकडे नेणारा मार्ग आहे. तो मार्ग आठ अंगांचा : सम्यक दृष्टी, संकल्प, वाचा, कर्म, आजीविका, व्यायाम, स्मृती आणि समाधी. येथे 'व्यायाम' याचा अर्थ प्रयत्न असा आहे. या आठांत 'सम्यक आजीविका' आहे, ही बाब विशेष लक्षात घ्यावी. माणूस पोट कसे भरतो, हा प्रश्न बुद्धांनी मुक्तीच्या मार्गातच घेतला. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

या मार्गाला मध्यम मार्ग म्हणतात, कारण तो भोगलालसा आणि आत्मक्लेश या दोन्ही टोकांना टाळतो. त्याच्या मुळाशी प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धांत आहे : प्रत्येक गोष्ट कारणांवर अवलंबून उत्पन्न होते आणि कारणे सरली की निरुद्ध होते. म्हणून सर्व संस्कार अनित्य आहेत. अनित्याला घट्ट धरून बसण्यात दुःख आहे. आणि 'मी' म्हणून ज्याला कवटाळावे असे न बदलणारे काही देहात वा मनात सापडत नाही. यालाच अनित्य, दुःख आणि अनात्म ही तीन लक्षणे म्हणतात. गृहस्थासाठी पंचशील सांगितले आहे : हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मादक पदार्थ यांपासून विरती. मनाच्या मशागतीसाठी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना सांगितल्या आहेत.

जग शाश्वत आहे की अशाश्वत, अशा प्रश्नांत बुद्ध गुंतले नाहीत. मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्षूने त्यांना असे प्रश्न विचारून भंडावले, तेव्हा त्यांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचे उदाहरण दिले. बाण मारणारा कोणत्या जातीचा, उंच की ठेंगणा, धनुष्य कशाचे, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही असे तो म्हणू लागला, तर उत्तरे मिळण्याआधीच तो मरेल. केसमुत्त येथील कालामांना त्यांनी सांगितले की, परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो, एवढ्यावरून काही स्वीकारू नये. ते अहितकारक आहे असे स्वतःस कळले तर टाकावे, हितकारक आहे असे कळले तर आचरावे. मेलेल्या बाळाला कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या किसा गोतमीला त्यांनी तत्त्वज्ञान सांगितले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणण्यास सांगितले. दारोदार फिरताना जे उमजायचे ते तिला उमजले.

संघ आणि भाषेचा प्रश्न

बुद्धांनी स्थापिलेला संघ ही त्या काळातील एक विलक्षण संस्था होती. तिच्यात शाक्य राजकुमार होते तसा त्यांचा न्हावी उपालीही होता, आणि पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार म्हणून त्याचीच ख्याती झाली. झाडूवाला सुनीत थेर झाला. दरोडेखोर अंगुलिमालाला प्रवेश मिळाला. महाप्रजापती गोतमीच्या आग्रहाने आणि आनंदाच्या रदबदलीने स्त्रियांनाही प्रव्रज्येचा अधिकार मिळाला. तो भिक्षूंच्या बरोबरीचा नव्हता. भिक्षुणींवर आठ जादा नियम लादले गेले. तरीही थेरीगाथेसारखा, स्त्रियांनी आपले अनुभव स्वमुखाने सांगितल्याचा मान असलेला प्राचीन संग्रह याच भिक्षुणीसंघामुळे जगाला लाभला. संघाचा कारभार गणराज्यांच्या धर्तीवर चाले. ठराव मांडला जाई, त्याचा पुनरुच्चार होई आणि मतभेद झाल्यास शलाका, म्हणजे काड्या, वाटून मत घेतले जाई.

याच संघात एकदा भाषेचा वाद उत्पन्न झाला. विनयपिटकातील चुल्लवग्गात त्याची हकिकत आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या आणि वाणीने गोड अशा दोन भिक्षू बंधूंनी बुद्धांकडे तक्रार केली की, वेगवेगळ्या प्रांतांतून आणि कुळांतून आलेले भिक्षू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगतात आणि ते भ्रष्ट करतात. तेव्हा ते छंदस् भाषेत, म्हणजे वैदिक वळणाच्या भाषेत, बांधून ठेवावे. बुद्धांनी या सूचनेचा निषेध केला आणि बुद्धवचन 'स्वतःच्या बोलीत' शिकण्याची अनुज्ञा दिली. पाचव्या शतकातील भाष्यकार बुद्धघोषाने या 'स्वतःच्या' शब्दाचा अर्थ 'बुद्धांच्या स्वतःच्या, म्हणजे मागधी' असा लावला. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांना 'शिकणाऱ्याच्या स्वतःच्या' हा अर्थ संदर्भाला अधिक धरून वाटतो. धम्म पुढे ज्या रीतीने पसरला, तिचा विचार करता व्यवहारात तरी दुसराच अर्थ रूढ झाला, असे म्हणावे लागते.

राजा, व्यापारी आणि कारागीर

महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरली. परंपरा सांगते की, तेथे उपालीने विनय आणि आनंदाने सुत्ते म्हणून दाखविली. सुमारे शंभर वर्षांनी वैशालीस दुसरी संगीती झाली. तेथील वादाच्या दहा मुद्द्यांत भिक्षूंनी सोने-चांदी स्वीकारावे की नाही, हाही एक होता. संघ आणि संपत्ती यांचे नाते किती आरंभापासून नाजूक होते, हे यावरून दिसते.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने कलिंग जिंकले. एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख हद्दपार झाली, हे त्याने स्वतःच आपल्या तेराव्या शिलालेखात नोंदविले आणि त्याबद्दल पश्चात्ताप प्रकट केला. विजेत्या राजाने आपल्या विजयाचे असे वर्णन खडकावर कोरविल्याचे उदाहरण इतिहासात क्वचितच सापडते. अशोकाने धम्माचा संदेश दिला तोही ऐकणाऱ्याच्या सोयीने. पूर्वेकडील लेखांत 'राजा'ऐवजी 'लाजा' असे मागधी रूप आहे, तर गिरनारच्या लेखात तेथील वळणाप्रमाणे 'राजा' आहे. वायव्येस खरोष्ठी लिपी वापरली आहे. अफगाणिस्तानात कंदाहार येथे १९५८ साली सापडलेला लेख तर ग्रीक आणि अरामी भाषांत असून, त्यात 'धम्मा'साठी ग्रीकांचाच 'युसेबिया' हा शब्द योजला आहे. कोकणात सोपारा येथेही त्याच्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत.

महावंस या सिंहली इतिहासग्रंथानुसार पाटलिपुत्राच्या तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्साने दिशादिशांना थेर पाठविले : महेंद्र लंकेत, मज्झिम हिमवंतात, महाधम्मरक्खित महारट्ठात, आणि यवन कुळातील धम्मरक्खित अपरांतात, म्हणजे कोकणपट्टीत. या ग्रंथातील प्रत्येक तपशील अक्षरशः खरा मानता येणार नाही. परंतु सांची परिसरातील स्तूपांत मज्झिमाचे आणि हिमवंताचा आचार्य म्हटलेल्या कस्सपगोताचे नाव कोरलेले अस्थिकरंडक सापडले, तेव्हा त्या परंपरेला दगडाचा पुरावा मिळाला.

राजाश्रयाहून व्यापक होता तो सामान्यांचा आश्रय. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी आपण हे कोरीवकाम केल्याची नोंद ठेवली आहे. सह्याद्रीच्या घाटवाटांवर, जेथून पैठण, तेर, जुन्नर येथील माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरत असे, तेथेच भाजे, कार्ले, बेडसे, नाशिक, कान्हेरी ही लेणी कोरली गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहावर वैजयंती, म्हणजे कर्नाटकातील बनवासी, येथील भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, आणि तेथील खांबांच्या दात्यांत धेनुकाकट येथील यवनही आहेत. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी भेटतात.

हा आश्रय व्यवहारात कसा चाले, याचा उत्तम नमुना नाशिकच्या पांडवलेण्यात आहे. इ.स.च्या दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने संघासाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, ठेवली. त्यांपैकी २,००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असे लेखात म्हटले आहे. हिशेब तंतोतंत जुळतो. राजघराण्याचे दान, विणकरांचा धंदा आणि भिक्षूचे वस्त्र या तिन्ही गोष्टी एका धाग्यात ओवल्या गेल्या होत्या.

हेच चित्र देशभर दिसते. आंध्रात कृष्णेच्या काठी अमरावती आणि नागार्जुनकोंडा येथे भव्य स्तूप उभे राहिले. नागार्जुनकोंड्याच्या दात्यांत इक्ष्वाकू घराण्यातील स्त्रिया आघाडीवर होत्या. गांधार आणि मथुरा येथे बुद्धांची पहिली मूर्तिशिल्पे घडली. तमिळ भूमीत कांची हे बौद्ध विद्येचे केंद्र होते आणि मणिमेकलै हे तमिळ महाकाव्य एका भिक्षुणीच्या जीवनावर रचले गेले. गुजरातेत वलभी, ओडिशात रत्नागिरी आणि ललितगिरी, बिहार-बंगालमध्ये नालंदा, विक्रमशिला आणि सोमपूर, हिमाचलात इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेला ताबोचा विहार, असा हा विस्तार होता.

सीमांपलीकडे

भारताबाहेर धम्म गेला तो प्रामुख्याने भाषांतरकारांच्या खांद्यावरून. लंकेत इ.स.पू. पहिल्या शतकात तिपिटक प्रथमच लेखनिविष्ट झाले. चीनमध्ये आरंभीच्या भाषांतरकारांनी बौद्ध कल्पनांसाठी ताओ मताचे परिचित शब्द उसने घेतले. त्यातून गैरसमजही झाले. इ.स. ४०१ मध्ये चांग-आन येथे आलेल्या कुमारजीवाने, ज्याचा पिता भारतीय आणि माता मध्य आशियातील कुचा राज्याची राजकन्या होती, अधिक अचूक आणि तरीही सुबोध अशी भाषांतरे केली. ती चीनमध्ये आजही वाचली जातात. जगातील सर्वांत जुने कालनिर्देश असलेले छापील पुस्तक, इ.स. ८६८ मधील वज्रच्छेदिका सूत्र, हे कुमारजीवाचेच भाषांतर होय. चीनमधून कोरिया आणि तेथून सहाव्या शतकात जपान, असा पुढचा प्रवास झाला.

तिबेटने वेगळी रीत स्वीकारली. नवव्या शतकाच्या प्रारंभी तेथे संस्कृत-तिबेटी पारिभाषिक शब्दांचा महाव्युत्पत्ती हा कोश सिद्ध झाला आणि कोणत्या संस्कृत शब्दाला कोणता तिबेटी शब्द वापरायचा हे ठरले. त्यांनी 'बुद्ध' हा शब्दसुद्धा तसाच न ठेवता त्याचे 'सांग्ये' असे तिबेटी रूप घडविले. त्यात अज्ञान सरणे आणि ज्ञान फुलणे हे दोन्ही अर्थ आहेत. मूळ संस्कृत ग्रंथ भारतात नष्ट झाले, तेव्हा त्यांतील अनेक याच चिनी आणि तिबेटी भाषांतरांत सुरक्षित राहिले. भाषांतराने मूळ वचन भ्रष्ट होईल, ही त्या दोन भिक्षू बंधूंची भीती होती; प्रत्यक्षात भाषांतरांनीच ते वाचविले.

जन्मभूमीत ऱ्हास

इ.स. ६४१ च्या सुमारास चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. पुलकेशीच्या राज्यात शंभरावर संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्षू असल्याचे त्याने लिहिले आहे. परंतु गांधारातील अनेक विहार त्याला ओस दिसले. श्रावस्ती आणि कपिलवस्तू उजाड झाल्या होत्या. म्हणजे ऱ्हासाची चिन्हे तुर्की आक्रमणांच्या कितीतरी आधीची आहेत.

कारणे अनेक होती. रोमशी चालणारा व्यापार मंदावला, तशी नगरे आणि श्रेणी दुबळ्या झाल्या आणि लहान दात्यांचा ओघ आटला. विहार राजांनी दिलेल्या गावांवर अवलंबून राहू लागले. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात नालंदेत शिकलेल्या इत्सिंगच्या मते त्या महाविहाराच्या मालकीची दोनशेहून अधिक गावे होती आणि तेथे तीन हजारांवर भिक्षू राहत होते. नालंदेची विद्या अद्वितीय होती. वसुबंधू, दिङ्नाग, धर्मकीर्ती यांनी संस्कृतात जे तर्कशास्त्र उभारले, त्याशिवाय भारतीय तत्त्वज्ञानाचा इतिहास लिहिता येणार नाही. परंतु गावांचा कर ज्याला आपोआप पोहोचतो, त्याला भिक्षापात्र घेऊन दारोदार जाण्याची निकड उरत नाही. जन्म, विवाह, मृत्यू यांसाठी बौद्ध उपासकाचे वेगळे संस्कार दृढ झाले नव्हते. जैनांनी आपला श्रावकसमाज जसा सांभाळला, तसा संघाने उपासकवर्ग सांभाळला नाही. दुसरीकडे शैव-वैष्णव भक्तिसंप्रदाय लोकभाषेत गात पुढे येत होते, आणि बुद्धांनाही विष्णूच्या अवतारांत सामावून घेतले गेले.

केवळ भाषेलाच दोष द्यावा, असे मात्र नाही. दहाव्या ते बाराव्या शतकांच्या आसपास बौद्ध सिद्धांनी लोकबोलीत रचलेली चर्यापदे १९०७ साली नेपाळात हरप्रसाद शास्त्री यांना सापडली. बंगाली, असमिया, ओडिया आणि मैथिली या चारही भाषा त्यांत आपले आद्यरूप पाहतात. लोकभाषेची ओढ अखेरपर्यंत होती. तिला पेलून धरणारा उपासकवर्ग तेवढा विरळ झाला होता. म्हणूनच इ.स. १२०० च्या सुमारास बख्तियार खिलजीच्या स्वाऱ्यांत बिहारमधील महाविहार उद्ध्वस्त झाले, तेव्हा ते पुन्हा उभारणारे हात गावोगावी उरले नव्हते. १२३५ च्या सुमारास तिबेटी भिक्षू धर्मस्वामी नालंदेस पोहोचला, तेव्हा भग्न वास्तूंत नव्वदी उलटलेले राहुलश्रीभद्र सुमारे सत्तर विद्यार्थ्यांना शिकवीत होते. सैनिक येत असल्याची वार्ता आली आणि सर्व पांगले. धर्मस्वामीने वृद्ध गुरूंना पाठीवर घेतले आणि सुरक्षित जागी नेले. भारतातील एका महान विद्यापरंपरेचे अखेरचे स्पष्ट दर्शन घडते ते असे. लडाख, हिमालयाचे इतर प्रदेश आणि पूर्वेकडे चितगावचा परिसर वगळता पुढील सहा शतके धम्म येथे जवळजवळ विस्मरणात गेला.

पुनरागमन

प्रिन्सेप यांनी लिपी उकलली, कनिंगहॅम यांनी उत्खनने केली, १८९१ मध्ये अनागारिक धर्मपाल यांनी महाबोधी सभा स्थापिली, तमिळ प्रांतात अयोतीदास पंडितांनी १८९८ मध्ये शाक्य बौद्ध संघ उभारला. परंतु शिलालेख वाचणे वेगळे आणि विचार लोकांच्या जीवनात परतणे वेगळे. महाराष्ट्रात हे दुसरे कार्य घडले ते मराठीतून, आणि त्याचा प्रारंभ मुलांच्या वाचनातून झाला, हे फारसे सांगितले जात नाही.

गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांच्या मनात बुद्धांविषयी ओढ निर्माण झाली, ती 'बालबोध' या मुलांच्या मराठी मासिकातील बुद्धचरित्र वाचून. त्या ओढीने ते १८९९ मध्ये घर सोडून निघाले. वाराणसी, नेपाळ करीत लंकेस पोहोचले, पाली शिकले, भिक्षू झाले आणि परत येऊन त्यांनी ते ज्ञान मराठीत आणले. 'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी १८९८ मध्ये मराठीत गौतम बुद्धांचे चरित्र लिहिले. शालेय परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल एका विद्यार्थ्याचा सत्कार झाला, तेव्हा केळुसकरांनी त्याला हेच पुस्तक भेट दिले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. त्या पुस्तकाने आपण भारावून गेलो, असे बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे कुशीनगरचे वयोवृद्ध भिक्षू चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून डॉ. आंबेडकरांनी पाली भाषेत त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले. त्यानंतर जमलेल्या लाखो अनुयायांना त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या मराठीत. ज्यांना शतकानुशतके शास्त्र ऐकण्याचाही अधिकार नव्हता, त्यांनी तो धम्म आपल्या भाषेत उच्चारून स्वीकारला. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत आणि त्यांतील सुमारे ६५ लाख महाराष्ट्रात आहेत.

अडीच हजार वर्षांच्या या इतिहासात सम्राट आहेत, महाविहार आहेत, दिग्विजयी पंडित आहेत. तरीही त्याचे सातत्य टिकविले ते सांचीच्या कठड्यावरील अनाम गृहिणीने, गोवर्धनच्या विणकरांनी, चांग-आनच्या भाषांतरकाराने आणि एका शाळकरी मुलाच्या हाती मराठी पुस्तक देणाऱ्या शिक्षकाने. आपल्या मुलखापासून दूर, परभाषिक प्रांतात मराठी शाळा चालविणाऱ्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. मुलाला त्याच्या भाषेत दिलेले एखादे पुस्तक पुढे कोठवर पोहोचेल, हे ते देणाऱ्याला त्या दिवशी कळत नाही. केळुसकरांनाही ते कळले नव्हते.